रस्त्याकडेच्या टाचण्या

बलूनला सुकाणू नसतं, ब्रेक नसतो, आणि हॉर्न वाजवून उपयोग नसतो. वर जायचं की खाली यायचं, एवढंच काय ते चालवणाऱ्याच्या हातात. बाकी वारा नेईल तिकडे मुकाट जायचं. त्यामुळे या धंद्यातल्या माणसांना एक वाईट खोड लागते. काही बिघडलं की हात झटकायचे आणि म्हणायचं, वारा होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणाऱ्याने बलून पाहिलेला नसणार.

फुगेवालीनेही तेच म्हटलं. तिला सगळे फुगेवालीच म्हणत, अगदी टपालवालासुद्धा. वय अडतीस, बारा वर्षांची पायलट, नऊशेच्या वर उड्डाणं, आणि एवढ्यांत एकाही प्रवाशाला साधं खरचटलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता आणि तो ती चारचौघांत बोलूनही दाखवायची. मग एका सकाळी, आठाच्या सुमारास, सगळा अभिमान दगडी बांधावर आपटला.

झालं ते असं. त्या दिवशी टोपलीत आठ प्रवासी होते. निघताना वारा अगदी शहाण्यासारखा होता. तासाभराने ऊन चढलं आणि वाऱ्याला पाय फुटले. यात नवल काही नाही, रोजचंच आहे ते. म्हणून तर बलून उजाडताना उडवतात आणि ऊन तापायच्या आत उतरवतात. तिने पुढे बघितलं तर समोर, अगदी वाटेतच, गवत कापून मोकळं झालेलं एक लांबरुंद शेत. ना तार, ना झाड, ना बांध. पायलटने स्वप्नात बघावं तसलं शेत.

"तयार व्हा," ती प्रवाशांना म्हणाली. "शिकवलंय तसं. जायच्या दिशेकडे पाठ, गुडघे वाकवा, दोरी घट्ट धरा." मग वॉकीटॉकीत म्हणाली, "दादा, गवताच्या शेतात उतरतेय."

खाली रस्त्यावरून ट्रेलर लावलेली गाडी बलूनच्या मागोमाग धावत होती. ती चालवत होता तिचा थोरला भाऊ. पहिल्या उड्डाणापासून तो तिच्यामागे असाच धावत आलेला. बाबा गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तो एकोणीसचा. शाळेची फी, चपला, तापातल्या रात्री, सगळं त्यानेच निभावलं. मोठी होऊन तिने बलूनचं खूळ घेतलं तेव्हा सगळे हसले, आणि दादाने मालट्रकची नोकरी सोडून तिच्या ट्रेलरचा ताबा घेतला. बलून उतरला की तो, लंबू नावाचा जुना मदतनीस आणि आणखी दोघं मिळून कापड गुंडाळत, पोत्यात भरत आणि गाडीपर्यंत वाहून नेत. कापडाचं पोतं दीडशे किलोचं, टोपली त्याच्या दुप्पट. फुगा म्हणून हसणाऱ्यांनी एकदा उचलून बघावा.

"दिसतंय शेत," दादा म्हणाला. "रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत आहे. फाटकाला कुलूप, गाडी आत येणार नाही. पण येतो आम्ही चालत. उतर तू."

एवढं बोलून तो गाडीतून खाली उतरला असावा आणि बटण दाबलेलंच राहिलं असावं. कारण तिला त्याचं कण्हणं ऐकू आलं. लहानसंच, दातांखाली दाबलेलं.

"नको," ती म्हणाली. "पुढचं बघते." आणि तिने बर्नरची आग सोडली, बलून पुन्हा वर चढला.

प्रवासी उभे राहिले. गवताचं शेत पायांखालून निघून गेलं. पुढे एक नांगरलेलं शेत आलं, तेही चांगलं मोठं, मऊ, पण ओलं. चिखलातून अर्धा किलोमीटर पोतं आणायचं म्हणजे... तिने तेही सोडलं. मग आलं रस्त्याला अगदी लागून असलेलं एक चिंचोळं शेत, मधोमध दगडी बांध, आणि त्याच्यापलीकडे विजेच्या तारा. आता मात्र निवड उरली नव्हती. वारा दुप्पट झाला होता. तिने बर्नरमधली कायम जळणारी छोटी ज्योत विझवली, गॅस बंद केला आणि बलूनच्या माथ्याचं भोक उघडणारी लाल दोरी अंगाचा भार टाकून ओढली. टोपली जमिनीला लागली, उसळली, बांधावर आदळून आडवी झाली आणि चाळीस पावलं फरपटत जाऊन तारांच्या अलीकडे थांबली.

सात जणांना मुका मार लागला. आठव्या होत्या एक निवृत्त शिक्षिका, सहासष्ट वर्षांच्या. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. त्या ओरडल्या नाहीत; नुसत्या "अगं बाई, अगं बाई" म्हणत राहिल्या, आणि फुगेवालीला वाटलं, यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. उड्डाण खात्यातले, केस पिकलेले, स्वतः वीस वर्षं बलून चालवलेले गृहस्थ. त्यांनी शेत पाहिलं, बांध मोजला, टोपलीचा चेपलेला वेत बोटांनी चाचपला. मग तिच्या शेडमध्ये बसून चहा घेतला आणि तिने लिहून ठेवलेला जबाब वाचला. ओळी मोजून सहा होत्या. वारा अचानक वाढला, पुढे तारा होत्या, मिळेल त्या जागी उतरणं भाग पडलं.

"सगळं खरं आहे," ते म्हणाले. "वाऱ्याच्या नोंदी मी काढल्यात, जुळतात. असे प्रसंग प्रत्येकावर येतात हो. परवा कच्चा अहवाल करतो, सही करून टाका. पंधरा दिवसांत पुन्हा उडाल."

तिने मान हलवली. खोटं काही लिहिलं नव्हतं. तरी तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. बाईंचा पाय प्लास्टरमध्ये, कप्पीला टांगलेला. उशाशी शब्दकोड्यांचं पुस्तक. तिने आणलेली संत्री बाईंनी बाजूला ठेवायला सांगितली आणि तिला खुर्चीत बसवलं, वर्गात बसवतात तसं, समोरासमोर.

"माफी मागू नकोस," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा फोनवर मागून झाली आहे. मला एक सांग. ते हिरवं शेत का सोडलंस?"

"कुठलं, बाई?"

"अगं, तूच म्हणालीस ना, जायच्या दिशेकडे पाठ करा. मी केली. शिस्तीची माणूस मी. मग तू म्हणालीस उभे राहा, आणि बाकी सगळे पुढे बघायला वळले, पण मी नाही वळले. म्हटलं, पुन्हा पाठ करायचीच आहे. त्यामुळे मागचं शेत किती मोठं होतं आणि किती वेळ आपल्याला दिसत राहिलं, ते मी एकटीने बघितलं. छत्तीस वर्षं भूमिती शिकवली आहे, अंतराचा अंदाज चुकत नाही माझा. तिथे दोन बलून मावले असते."

फुगेवालीने ओठ ओले केले. "बाई, वारा..."

"वारा हे उत्तर झालं," बाई म्हणाल्या. "उत्तर मागच्या पानावर बघूनही लिहिता येतं. मला रीत दाखव."

फुगेवाली उठली. बाईंनी कोड्याचं पुस्तक उघडलं, चष्मा लावला, आणि ती दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाल्या, "घाई नाही. मी काही इथून पळून जात नाहीये."

आता, माणसाला स्वतःची चूक ठाऊक नसते असं नाही. ठाऊक असते; पण आपण तिच्यावर पांघरूण घालतो आणि मग पांघरूण कुणी घातलं हे विसरतो. फुगेवालीचं पांघरूण निघालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडच्या भिंतीपाशी.

तिथे या भागाचा मोठा नकाशा लावलेला होता. दर उड्डाणानंतर बलून जिथे उतरला तिथे दादा एक टाचणी टोचायचा. हे खूळ त्याचंच. "आपली माणसं कुठे कुठे जाऊन पडली ते दिसायला नको?" असं म्हणायचा. दर वर्षाचा रंग वेगळा. ती नकाशासमोर उभी राहिली आणि प्रथमच तिने टाचण्या नुसत्या न बघता वाचल्या. पहिल्या दहा वर्षांच्या टाचण्या मोहरी सांडल्यासारख्या नकाशाभर होत्या. ओढ्यापलीकडे, टेकडीमागे, जिथे वारा न्यायचा तिथे. शेवटच्या दोन वर्षांच्या निळ्या आणि पिवळ्या टाचण्या मात्र सगळ्या रस्त्यांच्या कडेकडेने. एकही आत नाही. मुंग्यांची रांग लागावी तशा.

दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. टोपली ट्रेलरवर चढवताना दादाच्या कमरेत चमक भरली होती. आठ दिवस झोपला, नवव्या दिवशी "ठणठणीत आहे" म्हणत कामावर आला. महिनाभराने शेडच्या मागच्या खिळ्यावर तिला कमरेचा रुंद पट्टा वाळत घातलेला दिसला. "हा कसला?" असं विचारलं तर म्हणे, "सामान बांधायचा आहे." तिनेही, "असं का?" म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा एक, आणि भांडं दिसूनही न दिसल्यासारखं करणारी दुसरी. त्या दिवसापासून तिची नजर वरून आधी रस्ता शोधायची आणि मग शेत. तिने कधी ठरवलं नाही तसं. ठरवावं लागलंच नाही.

ती तिथेच एका गॅसच्या सिलिंडरवर बसली आणि रडली. भावावर माया केली म्हणून कुणाचा पाय मोडावा, याचा तिला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

दादा आला तेव्हा साडेदहा झाले होते. नकाशाकडे बघत बसलेली बहीण बघून तो दारातच थबकला.

"दादा, हे तू बघितलं होतंस?"

त्याने हातातल्या किल्ल्या एका बोटावरून दुसऱ्या बोटावर नेल्या. "टाचण्या मीच टोचतो," तो शेवटी म्हणाला. "आंधळा आहे का मी? वर्ष झालं."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? माझ्यासाठी रस्त्याला उतरतेस, हे माझ्या तोंडाने म्हणू? म्हणजे मग उद्या म्हणशील, दादा, तू घरी बस." त्याचा आवाज चढला. "तू तरी कुठे बोललीस? सरळ विचारायचंस ना, दादा, कंबर दुखते का! माझी दया करत होतीस वरून? मी काय भिकारी आहे?"

"दया नव्हती ती!"

"मग काय होतं?"

बाहेर लंबू पाइपने गाडी धूत होता, पाण्याचा आवाज येत होता. लंबूला सगळं ऐकू जात होतं हे नक्की, कारण तो एकच चाक पुन्हा पुन्हा धूत होता.

"त्या दिवशी मी उतर म्हणालो," दादा हळू आवाजात म्हणाला. "म्हणालो की नाही? पण तू पुढचं बघते म्हणालीस ना, तेव्हा मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू. अर्धा किलोमीटर वाचला म्हणून बरं वाटलं मला. आणि मग त्या बाई..." त्याने तोंड फिरवलं.

"साहेबांना मी खरं लिहून देणार आहे," ती म्हणाली.

"लिही की. तुझी चूक तू लिही."

"तुझी कंबर आल्याशिवाय ती लिहिता येत नाही, दादा."

हे त्याला लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो म्हणाला, "साहेब जाऊ दे म्हणतायत, आणि तू हात दाखवून अवलक्षण करतेस. तुझा परवाना जाईल. आणि माझं काम जाईल. बारा वर्षांचं. कशासाठी?"

"कारण वारा म्हणून सही केली तर पुढच्या महिन्यात मी पुन्हा रस्ताच बघेन," ती म्हणाली. "मला माहीत आहे मी बघेन. आणि तेव्हा पायावर भागणार नाही."

दादाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आपटल्या नाहीत, ठेवल्या. म्हणून जास्त वाईट वाटलं. आणि गेला.

तिने दुपारभर बसून जबाब नव्याने लिहिला. सहा ओळींची चार पानं झाली. पहिलं शेत कुठे होतं, किती मोठं होतं, वारा तेव्हा किती होता, वॉकीटॉकीवर काय ऐकू आलं, आणि काय विचार करून आग सोडली. दोन वर्षांच्या टाचण्यांचा नकाशा काढून जोडला. दादाबद्दलचं वाक्य तिने सात वेळा खोडलं आणि आठव्या वेळी जसं होतं तसंच ठेवलं. चार पानांची एक प्रत साहेबांना दिली आणि दुसरी इस्पितळात नेली.

बाईंनी पेन्सिल हातात घेऊन वाचली. एका ठिकाणी अंतर चुकलं होतं ते दुरुस्त केलं. मग पानं तिच्या हातात परत देत म्हणाल्या, "आता रीत बरोबर आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "भावाशी बोलतेस का?"

"तो बोलत नाही, बाई."

"बोलेल. माझा पायसुद्धा म्हणे आठ आठवड्यांत चालेल."

तपासनिसांनी चार पानं दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. "मी तुम्हाला सरळ वाट दिली होती," ते म्हणाले.

"हो साहेब. रस्त्याला लागूनच होती."

ते हसले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. निकाल मात्र सैल नव्हता. परवाना दोन महिने बंद. त्यानंतर त्यांच्यासमोर परीक्षेचं उड्डाण. नापास झाली तर पुन्हा पहिलीपासून सुरुवात. आणि भाऊ यापुढे एक किलोही उचलणार नाही. त्याने गाडी चालवावी, माणसांवर देखरेख करावी, पण वजन बंद.

हा निरोप घेऊन ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. आतून टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा झाला.

"उचलायचं नाही तर तिथे मी काय शोभेची कुंडी?" आतून दादा ओरडला, टीव्हीच्या वरताण. "सांग तिला! माणसं वजन वाहतायत आणि मी खिशात हात घालून उभा? जमायचं नाही!"

"ऐकलंस ना?" वहिनी म्हणाली. मग दार मागे ओढून घेत हळूच म्हणाली, "दोन वर्षं रोज सकाळी त्याच्या पायात मोजे मी घालते. वाकता येत नाही त्याला. कुणाला सांगू नकोस म्हणून गळ घातली होती. तू लिहिलंस ते बरं केलंस. पण त्याला आत्ता तसं म्हणू नकोस."

दोन महिने फुगेवालीने काय केलं? सायकल घेतली आणि वाऱ्याच्या नेहमीच्या वाटा जमिनीवरून पालथ्या घातल्या. एकेक शेत पायांनी मोजलं. कुठे चर आहे, कुठे तार आहे, पावसानंतर कुठे पाणी साठतं. शेतमालकांशी बोलली, दोघांनी हाकलून दिलं, बाकीच्यांनी फाटकाच्या किल्ल्या कुठे टांगलेल्या असतात ते दाखवलं. प्रत्येक शेताच्या बांधावर उभी राहून ती स्वतःला एकच प्रश्न विचारायची: हे बलूनचं ओझं हवेतूनच उचलून न्यायचं असतं, कुणालाच वाहायचं नसतं, तर मी इथे उतरले असते का? उतरले असते, असं उत्तर आलं की मोठ्याने म्हणायची, "हेच." शेतात एकटी बाई उभी राहून "हेच, हेच" म्हणतेय हे बघून एका म्हाताऱ्याने तिला पाणी आणून दिलं आणि सावलीत बसायला सांगितलं.

लंबूनेही हातपाय हलवले. तीन नवीन धडधाकट माणसं शोधली आणि मोठ्या चाकांची एक हातगाडी बनवून घेतली, चिखलातून ओढता येईल अशी. "कल्पना कुणाची?" तिने विचारलं. लंबू आभाळाकडे बघून म्हणाला, "सुचली अशीच." लंबूला बारा वर्षांत असं काही सुचलेलं तिला आठवत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी उजाडताना टोपलीत ती, तपासनीस आणि प्रवाशांच्या जागी वाळूच्या गोण्या. गाडीच्या चाकावर लंबू. दादा आला नव्हता. तिने चारदा रस्त्याकडे बघितलं, पाचव्यांदा बघायचं टाळलं आणि आग सोडली.

वर सगळं शांत होतं. साहेब एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे, तोंडाला कुलूप. पन्नास मिनिटं झाली आणि वाऱ्याने तेच केलं जे तो नेहमी करतो. तिने खाली बघितलं. समोर एक मोठं शेत, दोन दिवसांपूर्वी पाणी दिलेलं, काळंभोर, ओलं. रस्त्यापासून सहाशे पावलं आत. तिने स्वतः मोजली होती. आणि त्याच्यापुढे, तिरक्या रेषेत, रस्त्याला चिकटून दुसरं शेत. कोरडं, सपाट, गोड दिसणारं.

तिचा हात बर्नरच्या दांड्याकडे गेला. खरंच गेला. बारा वर्षांतली दोन वर्षं त्या हाताला हीच शिकवण मिळाली होती. खाली गाडी दिसत होती, गाडीशेजारी माणसं दिसत होती, आणि यातला एकही जण दादा नव्हता, तरी हात जात होता. तिला स्वतःची लाज वाटली आणि संतापही आला.

"हेच," ती मोठ्याने म्हणाली आणि हात मागे घेतला.

"अं?" साहेब म्हणाले.

"हेच शेत. साहेब, पाठ करा, गुडघे वाकवा, दोरी धरा."

साहेब निमूटपणे वाकले. तिने वॉकीटॉकीत जागा सांगितली, गॅस बंद केला, लाल दोरी ओढली. टोपली चिखलात बसली, कलली, दहा-बारा पावलं घसरली आणि थांबली. वरचं रंगीत कापड हळूहळू आडवं होत चिखलात लोळलं. साहेबांच्या पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता, बाकी सगळे अवयव जागच्या जागी होते.

ते उठले, चष्मा शोधला. "पुढे रस्त्याला लागून कोरडं शेत होतं," ते म्हणाले.

"होतं."

"मग?"

"ते पुढे होतं, साहेब. हे आधी आलं."

साहेबांनी खिशातून कागद काढला, टोपलीच्या काठावर ठेवून त्यावर सही केली आणि तिच्या हातात दिला. ओला होईल म्हणून तिने तो तसाच सदऱ्याच्या आत घातला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धाच. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि माणसांची वाट बघू लागली.

फाटक उघडून माणसं आत आली. लंबू आणि दोघं नवीन गडी मोठ्या चाकांची हातगाडी ओढत होते, तिसरा मागून ढकलत होता. आणि त्यांच्या दहा पावलं पुढे एक माणूस मोकळ्या हातांनी, सावकाश, पाय जपून टाकत चिखल तुडवत येत होता. मधूनच थांबून मागच्यांना ओरडत होता, "डावीकडून घ्या रे! तिकडे चर आहे, दिसत नाही का?" त्याची स्कूटर बाहेर फाटकाला टेकवलेली होती. म्हणजे हा पहाटेपासून मागच्या रस्त्याने बलूनच्या मागे धावत होता.

जवळ आला तेव्हा तिला तो पट्टा दिसला. कमरेचा, रुंद, दोन वर्षं सदऱ्याखाली लपवलेला. आज त्याने तो सदऱ्याच्या वरून बांधला होता, सगळ्या जगाला दिसेल असा.

दादा तिच्यापाशी येऊन उभा राहिला. धाप लागली होती. त्याने गुडघ्यापर्यंत बरबटलेल्या आपल्या पायांकडे बघितलं, लांब दिसणाऱ्या रस्त्याकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे.

"काय गं," तो म्हणाला, "याहून लांब नाही सापडलं?"

ती हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. दादाने खिशात हात घातला, एक नव्याच रंगाची, लाल टाचणी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि नवीन गड्यांकडे वळून पोतं कसं धरायचं ते ओरडून सांगू लागला.